उद्योजकता स्पर्धेची तयारी : आधी गिऱ्हाईक, मग हिशेब, शेवटी चार्ट



शाळेत उद्योजकता स्पर्धेचं पत्रक आलं की पहिल्या दिवशी काय होतं, ते आपण सगळेच जाणतो. मुलं विचारतात, "मॅडम, चार्ट किती मोठा आणायचा?" पालक विचारतात, "प्रोजेक्टचं सामान कुठं मिळेल?" आणि आदल्या रात्री थर्माकोल कापत बसलेले असतात ते बाबाच!

अशा तयारीतून बक्षीस मिळेलही कदाचित, पण मुलाच्या हाती काय लागतं? म्हणून या लेखात तयारीचा क्रम थोडा बदलून बघूया. उदाहरण आपल्या केळझरचंच घेऊ.

स्पर्धा नेमकी कोणती, ते आधी ओळखा

सगळ्या स्पर्धा सारख्या नसतात. 'इन्स्पायर-मानक'मध्ये नवी कल्पना मागतात. निवड झालेल्या विद्यार्थ्याच्या खात्यात प्रतिकृतीसाठी 10,000 रुपये येतात. दिल्लीच्या सरकारी शाळांमध्ये 2021 साली सुरू झालेल्या 'बिझनेस ब्लास्टर्स'मध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना भांडवल देऊन खरोखरचा धंदाच करायला लावला. पहिल्या प्रकारात 'नवीन काय?' हा प्रश्न मोठा, दुसऱ्यात 'विकलं का, आणि उरलं किती?' हा. आपण इथे दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलतोय.

पायरी 1 : गिऱ्हाईक शोधा

केळझर वर्धा-नागपूर रस्त्यावरचं गाव. टेकडीवरचा सिद्धिविनायक विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक. चतुर्थीला बाहेरगावचे भाविक येतात. समजा, आठवी-नववीच्या तीन मुलांनी ठरवलं की जवसाची चटणी विकायची.

आता गावातल्या काकूंना विचारलं, "आमची चटणी घ्याल का?" तर त्या म्हणणार, "घेऊ ना बाळा!" लेकराचं मन कोण मोडणार? पण त्यांच्या घरी चटणीची बरणी भरलेलीच असते. म्हणून प्रश्न बदलायचा : "गेल्या महिन्यात चटणी विकत घेतली होती का? कुठून? किती रुपयांना?" उत्तर मागच्या खरेदीबद्दल असलं की त्यावर भरवसा ठेवता येतो.

वीस-पंचवीस जणांना असं विचारलं की मुलांना आपोआप कळतं : गावातलं माणूस बहुधा आपलं गिऱ्हाईक नाही. नागपूरहून आलेलं कुटुंब असू शकतं. मग पाकीट लहान हवं, प्रवासात तेल सांडायला नको, वर तारीख आणि वजन लिहिलेलं हवं. वस्तू कशी करायची, हे गिऱ्हाइकाने सांगितलं!

(मंदिर परिसरात जाताना सोबत मोठं माणूस हवं, आणि तिथल्या व्यवस्थापनाची परवानगीही. खाण्याचा पदार्थ बाहेर विकायचा तर अन्न सुरक्षा नोंदणी लागते. तीही माहिती मुलांनाच काढू द्या.)

पायरी 2 : हिशेब मांडा

खालचे आकडे फक्त समजण्यापुरते आहेत. तुमच्या गावचे भाव तुम्ही घाला.

1 किलो चटणी, म्हणजे 100 ग्रॅमची 10 पाकिटं :
- जवस, तिखट, लसूण, जिरं, मीठ : 200 रुपये
- गॅस, मिक्सरची वीज : 20 रुपये
- पाकिटं, लेबल : 30 रुपये
- एकूण खर्च : 250 रुपये
- विक्री, 40 रुपयांप्रमाणे : 400 रुपये

मुलं हमखास ओरडतात, "दीडशे रुपये नफा झाला ना जी!"

इथे थांबायचं आणि एकच प्रश्न विचारायचा : "चटणी केली कोणी?"

तीन मुलांचे दोन-दोन तास आणि आईचे दोन, मिळून 8 तास. तासाला 50 रुपये धरले तर मजुरी झाली 400. हाती आले 150. म्हणजे 250 रुपयांचा तोटा! मुलं म्हणतात, "पण आई तर घरचीच आहे." हेच तर बोलायचं आहे. आईची मेहनत फुकट धरली म्हणून नफा दिसला. शेतीच्या हिशेबातही घरच्यांची मजुरी बहुतेक वेळा अशीच बाहेर राहते. या चर्चेला एक पूर्ण तास द्या, वाया जाणार नाही.

मग उपाय मुलांनाच शोधू द्या. समजा, एकदम 4 किलो केली. खर्च 1000, पाकिटं 40, पूर्ण विक्री 1600. हाती 600. पण वेळ चौपट लागत नाही. भाजणं, कुटणं एकत्र होतं. 12 तास लागले, तर तासाला 50 रुपये सुटले. मजुरी निघाली. मात्र 10 पाकिटं उरली तर 600 चे 200 होतात. म्हणून जास्त माल करण्याआधी मागणी नोंदवून घ्यायची. बघा, पहिली पायरी पुन्हा आलीच.

हा विचार आपल्या जिल्ह्याला नवा नाही. 1934 च्या डिसेंबरात वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. त्याचं काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा हे मुळात हिशेबतपासनीस. 1935 मध्ये चरखा संघाने सूत कातणाऱ्यांना, ज्यात बहुतेक स्त्रियाच होत्या, जगण्यापुरती मजुरी देण्याचं धोरण स्वीकारलं. खादी महाग झाली तरी चालेल, पण कातणारीला पुरेसं मिळालं पाहिजे, हा गांधीजींचा आग्रह होता. जमलं तर मुलांना वर्ध्याच्या मगन संग्रहालयात एकदा न्या. हा इतिहास तिथे वस्तूंमधून समजतो.

पायरी 3 : आता चार्ट आणि सादरीकरण

तीन-चार मिनिटं पुरतात. क्रम सोपा ठेवा : कोणाची कोणती अडचण, आम्ही काय केलं, किती जणांना विचारलं, किती विकलं, हिशेब काय निघाला, चुकलं कुठे, पुढे काय बदलणार. मुलं मराठीत बोलली तर मोकळी होतात. पाठ करून घेऊ नका. परीक्षक मध्येच प्रश्न विचारतात आणि पाठांतर तिथेच अडखळतं.

तोटा झाला असेल तर लपवायला शिकवू नका. "आम्हाला तोटा झाला, आणि तो का झाला ते आम्ही शोधलं," असं सांगणारं मूल धंदा समजलेलं असतं.

पालकांसाठी चार गोष्टी

- भांडवल थोडंच द्या, आणि ते उसनं म्हणून वहीत लिहायला लावा.
- गॅस, विळी, मिक्सर असेल तिथे जवळ थांबा. बाकी हात मागे!
- वही मुलानेच लिहायची. खाडाखोड असू द्या.
- मुलगी हिशेबात हुशार असेल तर तिला फक्त सजावटीला बसवू नका.

चार आठवडे असतील तर पहिला विचारपूस करण्यात, दुसरा थोडा माल करून बघण्यात, तिसरा विक्री आणि हिशेबात, चौथा सादरीकरणात घालवा. चार्टला शेवटचे दोन दिवस भरपूर झाले.

बक्षीस एकाच गटाला मिळेल. पण त्या दिवशी घरी जाऊन एखादं मूल म्हणालं, "आई, तुझे दोन तास आम्ही हिशेबात धरलेत," तर आपला पाठ यशस्वी झाला असं समजा.