टर्बोचार्ज्ड मोटारी आणि इंधनाचा ऑक्टेन अंक : कार्यक्षमता व खर्च

प्रस्तावना :
पेट्रोल पंपावर साध्या पेट्रोलबरोबरच अधिक ऑक्टेन अंकाचे महाग पेट्रोलही मिळते. महाग इंधन म्हणजे अधिक शक्तिमान इंधन, असा समज सर्वत्र आढळतो. टर्बोचार्जर असलेल्या मोटारींच्या बाबतीत तो कितपत खरा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऑक्टेन अंकाचा अर्थ :
दाब व उष्णता वाढली असता आपोआप पेट घेण्यास इंधन किती विरोध करते, याचे माप म्हणजे ऑक्टेन अंक होय. या मोजपट्टीवर आयसो-ऑक्टेनचे मूल्य 100 व नॉर्मल हेप्टेनचे 0 मानले आहे. इंधनातील ऊर्जेशी या अंकाचा थेट संबंध नाही. इथेनॉलचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा जास्त आहे. तथापि त्याच्या प्रत्येक लिटरमधील ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते.

टर्बोचार्जर व नॉकिंग :
टर्बोचार्जर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या जोरावर फिरतो आणि सिलिंडरमध्ये अधिक हवा दाबून भरतो. त्यामुळे लहान इंजिनापासूनही मोठी शक्ती मिळते. परंतु सिलिंडरमधील दाब व तापमानही वाढते. ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप पेटले, तर धातूवर ठोके पडल्यासारखा आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. तीव्र नॉकिंग चालू राहिल्यास पिस्टनला इजा पोहोचते. आधुनिक मोटारींत संवेदकाद्वारे नॉकिंग ओळखले जाते व ठिणगी उशिरा पाडली जाते किंवा टर्बोचा दाब कमी केला जातो. इंजिन सुरक्षित राहते. मात्र शक्ती घटते व इंधन अधिक लागते. उच्च ऑक्टेनच्या इंधनामुळे ही घट टळते. मूळ रचनेपेक्षा अधिक शक्ती त्यातून निर्माण होत नाही.

खर्चाचा हिशेब :
अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने 2017 मध्ये, उत्पादकाने उच्च ऑक्टेनची शिफारस केलेल्या परंतु सक्ती न केलेल्या मोटारींची चाचणी घेतली. त्यांत टर्बो नसलेल्या मोटारीही होत्या. उच्च ऑक्टेनच्या इंधनाने प्रत्येक लिटरमागे कापलेले अंतर सरासरी 2.7 टक्क्यांनी व अश्वशक्ती 1.4 टक्क्यांनी वाढली. त्या वेळी तेथील दरांतील फरक 20 ते 25 टक्के होता. दर 20 टक्क्यांनी अधिक धरला, तरी दर किलोमीटरचा इंधनखर्च सुमारे 17 टक्क्यांनी वाढतो. म्हणजेच केवळ बचतीच्या हेतूने असे इंधन घेणे फायद्याचे ठरत नाही.

निष्कर्ष :
उत्पादकाने उच्च ऑक्टेन अनिवार्य सांगितले असेल, तर इंजिनाच्या सुरक्षिततेसाठी ते वापरलेच पाहिजे. केवळ शिफारस असेल, तर चढ, जड भार व कडक उन्हाळा अशा प्रसंगी त्याचा लाभ जाणवू शकतो. एरवी निर्णय दरातील फरक पाहून घ्यावा. साध्या पेट्रोलसाठीच बनविलेल्या इंजिनात मात्र हा जादा खर्च सहसा व्यर्थ जातो. तात्पर्य, इंधनाची निवड पंपावरील जाहिरातीवरून न करता वाहनाच्या माहितीपुस्तिकेवरून करावी.