संगणकातील उड्डाणपूल : उंचीच्या आकड्याचे महत्त्व

उड्डाणपुलाचा प्रस्ताव एखाद्या नगरपरिषदेपुढे अथवा महामार्गालगतच्या ग्रामपंचायतीपुढे येतो, तेव्हा अलीकडे नकाशांच्या जोडीने एक चलच्चित्रही दाखविले जाते. पडद्यावर चौक दिसतो, चौकावरून गेलेला पूल दिसतो आणि पुलावरून व पुलाखालून शेकडो लहान लहान वाहने धावताना दिसतात. पाहणाऱ्यास तो चित्रपट वाटतो. वस्तुतः ते एका दीर्घ गणिताचे उत्तर असते. निदान तसे ते असावे, अशी अपेक्षा असते. पुलावर होणारा खर्च कोट्यवधी रुपयांचा असतो आणि पूल एकदा उभा राहिल्यावर तो पुढील दोन पिढ्यांच्या वाटेत उभा राहतो. म्हणूनच हे उत्तर कसे काढले जाते आणि त्यात कोठे चूक संभवते, याची माहिती निर्णय घेणाऱ्यांना असणे इष्ट आहे.

अनुकरणाची पद्धत

वाहतुकीच्या संगणकीय अनुकरणात प्रत्येक वाहन स्वतंत्रपणे हाताळले जाते. सेकंदाच्या लहानशा अंशागणिक संगणक प्रत्येक वाहनाचा वेग, पुढील वाहनापासूनचे अंतर आणि चालकाचा इरादा पाहतो व त्या वाहनाला किंचित पुढे सरकवितो. पुढच्या वाहनाजवळ जाताना चालक केव्हा सावध होतो व केव्हा वेग कमी करतो, याचे एक प्रारूप रायनर वीडेमान यांनी १९७४ साली जर्मनीतील कार्ल्सरूह येथे मांडले. त्याच शहरात विकसित झालेल्या व्हिसिम या आज्ञावलीचा पाया आजही तेच प्रारूप आहे. जर्मन अंतराळ संशोधन केंद्राने या शतकाच्या आरंभापासून विकसित केलेली सुमो ही आज्ञावली कोणासही विनामूल्य वापरता येते. त्यामुळे अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनाही हा अभ्यास आवाक्यात आला आहे.

या आज्ञावलींना रस्ता म्हणून जे समजते, ते म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणारे दुवे. जमिनीवरचा रस्ता असेल तर प्रत्येक बिंदूला दोन आकडे पुरतात : पूर्व-पश्चिम किती आणि दक्षिणोत्तर किती. उन्नत मार्ग आला की तिसरा आकडा लागतो, तो उंचीचा. सारा घोटाळा या तिसऱ्या आकड्याभोवती होतो.

रेषा छेदतात, रस्ते छेदत नाहीत

कागदावरील नकाशात पूल आणि त्याखालचा रस्ता या दोन रेषा एकमेकींना छेदतात. माणसाला ते पाहताच कळते की वरचा वर आहे आणि खालचा खाली. संगणकास मात्र हे सांगावे लागते, आणि ते केवळ उंचीने सांगून भागत नाही. दोन दुव्यांना सामाईक बिंदू असेल तरच तेथे चौक आहे, नसेल तर नाही, हा त्याचा खरा नियम. ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशावरून रस्त्यांचे जाळे घेण्याची सोय सुमोमध्ये आहे. त्या नकाशात पुलाला थराचा क्रमांक दिलेला असतो. परंतु तो क्रमांक म्हणजे उंची नव्हे. ‘हा याच्या वर’ एवढेच तो सांगतो, किती मीटर वर हे सांगत नाही.

अशा जाळ्यात जवळजवळचे अनेक बिंदू एकत्र करून एक चौक बनविण्याचीही सोय असते. ती बेतानेच वापरावी लागते, कारण पुलाचा एखादा बिंदू खालच्या चौकाच्या अगदी माथ्यावर असला तर तोही त्या गाठोड्यात जाण्याची शक्यता असते. तसे झाले की पुलावरची वाहने खालच्या सिग्नलसाठी थांबू लागतात, किंवा खालची रिक्षा सरळ पुलावर अवतरते. अशी ठळक चूक पाहणाऱ्याच्या ध्यानात येते, म्हणून ती तितकीशी घातक नाही.

याहून अवघड प्रकार नागपुरात वर्धा मार्गावर आहे. तेथे ३.१४ किलोमीटर लांबीपर्यंत एकाच खांबांवर महामार्गाचा उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रोचा मार्ग आहे, तर खाली जुना रस्ता चालूच आहे. येथे रेषा एकमेकींना छेदत नाहीत, तर एकीवर एक निजलेल्या आहेत. एखाद्या वाहनाचे उपग्रहाद्वारे नोंदविलेले स्थान हाती असले, तरी ते वाहन पुलावर होते की खालच्या रस्त्यावर, हे त्या दोन आकड्यांवरून ठरत नाही. म्हणून अशा ठिकाणी वरची व खालची वाहने स्वतंत्रपणे मोजल्याशिवाय प्रारूपात भरण्याजोगी आकडेवारी मिळत नाही.

चढ चित्रात आणि चढ गणितात

पुलाखाली शहरी भागात साधारणतः ५.५ मीटर मोकळी उंची ठेवली जाते. तुळया व पृष्ठभाग यांची जाडी सुमारे २ मीटर धरली, तर पुलाचा माथा जमिनीपासून ७.५ मीटरवर जातो. तीस मीटरला एक मीटर असा चढ ठेवायचा म्हटले, तर प्रत्येक बाजूस २२५ मीटर लांबीचा पोहोचमार्ग हवा, शिवाय दोन्ही टोकांना चढ हळूहळू वळविण्यासाठी आणखी काही लांबी. घाईने काम करणारा मनुष्य संगणकात हाच चढ ६० मीटरमध्ये बसवितो. चित्र झकास दिसते. पण तो चढ शेकडा साडेबारा होतो, जो आपल्या घाटरस्त्यांवरही सहसा आढळत नाही.

जमिनीची उंची उपग्रहीय माहितीवरून घेतली तर दुसरीच अडचण उद्भवते. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानाने रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या मोठ्या भागाची उंची मोजली. ती माहिती आज सुमारे ३० मीटरच्या चौकटींत सर्वांना उपलब्ध आहे व फार उपयोगीही आहे. परंतु त्यानंतर बांधलेला पूल तिच्यात असणे शक्य नाही, आणि आधीचा अरुंद पूल एवढ्या मोठ्या चौकटीत विरून जातो. रस्त्यांचे जाळे त्या माहितीवर जसेच्या तसे अंथरले की उड्डाणपूल चादरीसारखा जमिनीवर पसरतो. पुलाच्या उंच्या बांधकामाच्या आराखड्यांवरूनच भराव्या लागतात; त्याला पर्याय नाही.

आता मुख्य मुद्दा. पडद्यावर पूल चढताना दिसतो, म्हणजे वाहनालाही तो चढ जाणवतो, असे नव्हे. गुरुत्वाकर्षणाचा हिशेब साधा आहे : शेकडा एक चढामागे वाहनाच्या वेगवाढीत दर सेकंदाला सेकंदामागे सुमारे ०.१ मीटरची घट होते, आणि व्हिसिममध्ये हेच प्रमाण योजलेले आहे. मात्र तेथेही चढ बिंदूंच्या उंचीवरून काढावा की स्वतंत्रपणे भरलेल्या आकड्यावरून, हे प्रारूप करणाऱ्याने ठरवायचे असते. दुसरा पर्याय निवडून आकडा शून्यच ठेवला, तर पूल दिसतो चढाचा आणि गणितात राहतो सपाट. सुमोचे नेहमीचे वाहन-अनुगमनाचे प्रारूप तर चढ विचारातच घेत नाही. त्यासाठी त्याचे दुसरे रूप मुद्दाम निवडावे लागते.

मोटारगाडीच्या बाबतीत हा फरक किरकोळ आहे. परंतु तिसास एक या चढावर वेगवाढ ०.३३ ने घटते, आणि भरलेल्या मालमोटारीची किंवा गळीत हंगामातील दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरची मुळातील वेगवाढ ती केवढी! अशी दोन वाहने पोहोचमार्गावर एकामागोमाग आली की त्यांच्या मागची सारी रांग त्यांच्याच गतीने चढते. चढाचा आकडा शून्य असलेल्या प्रारूपात हीच वाहने भरधाव निघून जातात व पुलाची क्षमता आहे त्याहून अधिक दिसते. ही चूक डोळ्यांना दिसत नाही. ती अहवालातील सरासरी विलंबाच्या आकड्यात शिरून बसते.

उंचीचा एक आकडा दोन ठिकाणी वेगळा असला की काय होते, याचे प्रत्यक्षातील उदाहरण अंधेरीत घडले. तेथील रेल्वेमार्गावरील गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये धोकादायक ठरल्याने बंद करण्यात आला. नव्या पुलाची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये खुली झाली, तेव्हा तो पूल आणि त्याला येऊन मिळणारा बर्फीवाला उड्डाणपूल यांच्या पातळ्या जुळत नव्हत्या. पुढे जॅक लावून बर्फीवाला पुलाचा भाग एका बाजूस १,३९७ मिलिमीटर, तर दुसऱ्या बाजूस ६५० मिलिमीटर उचलण्यात आला आणि जुलै २०२४ मध्ये दोन्ही पूल जोडले गेले. हा प्रसंग बांधकामातील आहे, अनुकरणातील नव्हे. परंतु वरून पाहिलेल्या नकाशात ही दोन टोके एकमेकांना अगदी बरोबर भिडलेली दिसतात, आणि केवळ नकाशावरून दुवे जोडणारी आज्ञावली त्यांना निःशंकपणे जोडून टाकते.

पुलाच्या पायथ्याशी

पूल मध्यभागी क्वचितच तुंबतो. तो तुंबतो पायथ्याशी : जेथे वरची वाहने खाली उतरून खालच्या वाहनांत मिसळतात, जेथे नेमका बसथांबा असतो, जेथे सेवा रस्त्यावरून कोणी आडवे येते. समजा, पूल तासाला १,८०० वाहने पुढे आणून सोडतो आणि पुढच्या चौकातील सिग्नल त्यांपैकी १,५०० वाहनेच पार करू शकतो. तासाभरात ३०० वाहने साचतात. प्रत्येक वाहनास ७ मीटर जागा व दोन मार्गिका धरल्या, तरी रांग १,०५० मीटरची होते. पुढचा चौक पायथ्यापासून अर्ध्या किलोमीटरवर असेल, तर ती रांग पोहोचमार्ग चढून पुलाच्या माथ्यापर्यंत जाते.

पण प्रारूपाची सीमा पुलाच्या पायथ्याशीच आखलेली असेल, तर यांतील काहीही दिसत नाही. वाहने पुलावरून उतरतात आणि पडद्याच्या कडेला अदृश्य होतात. अशा चित्रात प्रत्येक पूल यशस्वी ठरतो. निदान दोन्ही बाजूंचे पुढील चौक प्रारूपात असलेच पाहिजेत, असा आग्रह धरणे योग्य होय.

कोणत्या वाहनास पुलावर प्रवेश आहे, हेही दुव्यागणिक नोंदवावे लागते. मुंबईच्या पूर्व मुक्त मार्गावर दुचाकी व तीनचाकी वाहनांना मज्जाव आहे. ती सारी वाहने खालच्या रस्त्यांवरच राहतात. परदेशी आज्ञावलींच्या मूळ मांडणीत वाहने आपापल्या मार्गिकेत शिस्तीने चालतात. आपल्याकडे एका मार्गिकेत दोन दुचाकी व एक रिक्षा शेजारी-शेजारी चालतात, म्हणून आडव्या अंतराचे नियम बदलून घ्यावे लागतात. तशी सोय व्हिसिम व सुमो या दोहोंत आहे. भारतीय रस्त्यांवरील मोजमापांवर आधारलेली मार्गक्षमता पुस्तिका केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने २०१७ साली सिद्ध केली. तिचाही आधार घेता येतो.

एक गोष्ट मात्र हे अनुकरण करीत नाही. पुलाखालून वा भुयारी मार्गातून वाहन उंचीने मावते की नाही, हे ते तपासत नाही. तुळई तीन मीटरवर असली तरी संगणकातील एस.टी. बस तिच्यातून आरपार जाते, आणि कडब्याने भरलेली गाडी तर प्रारूपात नसतेच. महामार्गावरील पूल गावाला दुभागतो तेव्हा शेताकडे जाणाऱ्या वाटेची उंची व रुंदी किती, हा प्रश्न आराखड्यावर बोट ठेवूनच विचारावा लागतो.

चलच्चित्र पाहून झाल्यावर सादरकर्त्याकडे आणखी काही गोष्टी मागता येतील. पुलाच्या दोन्ही पोहोचमार्गांचा चढ शेकडा किती धरला आणि तो गणितात घेतला आहे काय, हे लेखी मागावे. प्रत्यक्ष मोजलेली वाहनसंख्या व प्रारूपातील वाहनसंख्या ठिकाणवार शेजारी-शेजारी मांडलेला तक्ता मागावा. वाहने कोणत्या क्षणी येतात हे प्रत्येक फेरीत संगणक यदृच्छेने ठरवीत असल्याने, एकाच फेरीवर न विसंबता अनेक फेऱ्यांची सरासरी मागावी. पूल न बांधता केवळ सिग्नलची वेळ व वळणे सुधारली तर काय होईल, त्या पर्यायाचे उत्तरही त्याच प्रारूपातून काढून मागावे. हे काम तुलनेने थोड्या श्रमाचे असते, कारण तोवर जाळे तयार झालेले असते. आणि सर्वांत लांब रांग कोठे लागते, ती किती मीटरची व कोणत्या वेळी, हे नकाशावर खूण करून दाखविण्यास सांगावे. ती खूण पुढच्या चौकापलीकडे गेली असेल, तर तेथील नागरिकांनाही त्या बैठकीस बोलवावे.