शाल-श्रीफळ झाले, आता विचारपूस करू या



निमोणे असो की घोड नदीच्या काठचे दुसरे कोणतेही गाव, पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत एखादा तरी जुना फौजी असतोच. ताठ बसतो, वेळेवर येतो, कमी बोलतो. आपण त्यांना १५ ऑगस्टला झेंड्यापाशी बोलावतो, शाल-श्रीफळ देतो, टाळ्या वाजवतो आणि उसाच्या तोडीचे बोलत घरी जातो. पुढे वर्षभर त्यांची आठवण कुणाला?

जरा हिशेब करा. १९७१ च्या लढाईत जो वीस वर्षांचा पोरगा होता, त्याने आज सत्तरी ओलांडली आहे. १९६५ चे जवान ऐंशीच्या घरात, १९६२ चे त्याहून पुढे. दुसऱ्या महायुद्धात लढलेला कोणी हयात असला तर तो शंभरीला टेकलेला. म्हणजे ऐकून घ्यायचे ते आताच घेतले पाहिजे. पुढच्या हंगामाची वाट बघण्यासारखे हे काम नाही.

आमच्या शेजारच्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले एक उदाहरण सांगतो. संगमनेर तालुक्यातल्या निमज गावचे नामदेव जाधव मराठा पलटणीत साधे शिपाई होते. काम काय, तर कंपनीचा निरोप इकडून तिकडे पोचवायचा. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीवर हल्ला झाला. नदी ओलांडताना मशीनगनचा मारा सुरू झाला आणि सोबतचे बहुतेक गडी पडले. नामदेवरावांनी दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, बांधाच्या चढावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुखरूप आणले. मग ते परत फिरले. शत्रूचे मशीनगनचे एक ठाणे बंद पाडले. मग हाताला जखम झाली, बंदूक चालेना, तरी हातबाँब फेकून त्यांनी आणखी दोन ठाणी बंद पाडली. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना दिली आणि बाकीच्या कंपन्यांना पलीकडे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९८४ साली पुण्यात त्यांचे निधन झाले.

यात आम्हाला मोठी वाटते ती कामाची पाळी. आधी जखमी सोबती, मग पराक्रम. सहकार म्हणजे तरी दुसरे काय? मागे पडलेल्याला आधी उचलायचे.

दुसरे नाव मुरलीकांत पेटकर यांचे. सांगली जिल्ह्यातले इस्लामपूरकडचे हे जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. कमरेखालचा भाग निकामी झाला. पण गडी खचला नाही. पोहायला लागला आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आला. पॅरालिंपिकमधले भारताचे ते पहिले सुवर्ण! पद्मश्री मात्र मिळाली २०१८ साली, आणि अर्जुन पुरस्कार हाती पडायला २०२५ उजाडले. पदकानंतर त्रेपन्न वर्षे. सन्मान उशिरा आला, पण माणूस तो घ्यायला होता. कित्येकांच्या नशिबी तेवढेही नसते.

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याला लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. ही आठवण त्या गावाने जपली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. आपल्या गावचे कोण कुठे लढले, हे आपल्याला तरी ठाऊक आहे का?

आता कामाचे बोलू. जुन्या फौजीच्या घरी गेलात की कागदांची चौकशी करा. डिस्चार्ज बुक जागेवर आहे का? पेन्शनच्या कागदात पत्नीचे नाव आणि जन्मतारीख बरोबर लागली आहे का? रेकॉर्डला 'लक्ष्मीबाई' आणि आधारला 'लक्ष्मी' एवढ्यावरूनही धनी गेल्यावर त्या माउलीची फॅमिली पेन्शन अडून बसते. दरसाल हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो आता मोबाईलवर किंवा सेवा केंद्रातून देता येतो, पण ऐंशीच्या माणसाला ते जमेलच असे नाही. तिथे आपल्या शिकलेल्या पोरांनी अर्धा तास द्यावा. दुसऱ्या महायुद्धातल्या जवानांना व त्यांच्या विधवांना राज्य शासनाकडून दरमहा मदत असते. अडचण आली तर पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. सैनिकांच्या मुलांचे, विधवांचे काम तिथेच होते.

दुसरे काम शाळेतल्या पोरांचे. वही-पेन घेऊन आजोबांपाशी बसावे आणि पलटण कोणती, भरती कुठे झाली, बर्फात काय खाल्ले, पहिले पत्र घरी किती दिवसांनी पोचले, असे साधे प्रश्न विचारावेत. लढाईचे विचारून ते बोलले नाहीत तर रेटू नये. काही गोष्टी माणूस सांगत नाही, त्या त्याच्याजवळच राहू द्याव्यात.

७ डिसेंबरला ध्वजदिन असतो. निधीचा डबा फिरतो, त्यात प्रत्येकाने यथाशक्ती टाकावेच. पण त्या दिवशी आपल्या गावच्या एका तरी जुन्या जवानाच्या ओसरीवर जाऊन बसावे, चहा घ्यावा, आणि उठताना "बाबा, काही कागदपत्राचं काम आहे का?" एवढे विचारावे. शालीपेक्षा त्याची ऊब जास्त दिवस टिकते.