पिंपरी पेंढारचा कार्बन खाडीपर्यंत पोचतो का?

ओतूरहून आळेफाट्याकडे जाताना वाटेत पिंपरी पेंढार लागतं. इथं कुणाला खाडीचा पत्ता विचारलात, तर तो आधी चहा पाजेल आणि मग कल्याणच्या एसटीत बसवून देईल. पण खाडीतल्या कार्बनचं मॉडेल मांडणाऱ्यांना अशा वरच्या गावांपासूनच सुरुवात करावी लागते. खाडीत येणारा बराचसा माल डोंगराकडूनच येतो ना!

आधी पाण्याचा उफराटेपणा बघा. गावापासून अरबी समुद्र सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आत. इथलं पाणी मात्र त्याच्याकडे पाठ फिरवून कुकडीला मिळतं, कुकडी घोडला, घोड भीमेला, भीमा कृष्णेला आणि हजाराहून जास्त किलोमीटरची पायपीट करून सगळं जातं आंध्रात, बंगालच्या उपसागरात. माळशेजच्या कड्यावरून पलीकडे पडलेला थेंब काळू नदीतून उल्हास नदीत आणि तिथून खाडीत. ढग एकच, समुद्र दोन.

आता कातळ. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि त्याहून जास्त मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, पाणी किंचित आम्ल होतं आणि 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा दगड झिजवू लागतं. या झिजण्यात कार्बन वायू राहत नाही, बायकार्बोनेट होऊन पाण्याबरोबर चालू लागतो. ग्रॅनाइटपेक्षा आपला बेसॉल्ट या कामात कितीतरी चपळ. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहायला गर्दी होते, पण ते गोट्यांनी घासून पाडलेले. ही विरघळवणारी झीज पाहायची तर बोअरचं पाणी तापवलेलं पातेलं पालथं करा. आत जो पांढरा थर बसलाय, त्यातही कार्बन आहे. पाणी उकळताना विरघळलेल्या बायकार्बोनेटमधला निम्मा कार्बन असा भांड्याला चिकटतो आणि निम्मा परत हवेत जातो.

मॉडेल म्हणजे तरी काय? जमाखर्चाची वहीच. पाण्यात विरघळलेला, गाळातला, झाडांतला, चिखलात पुरलेला आणि हवेत उडालेला अशी कार्बनची पाच खाती. आलेला वजा गेलेला, उरला तो साठा. कागदावर सोपं वाटतं. खरी मारामारी आकडे मिळवताना होते. खाडीत एकाच जागी भरतीला बाटली भरली तर समुद्राचं पाणी हाती येतं, ओहोटीला भरली तर नदीचं. त्यात भरती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येणार, अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणणार. बाटली भरणाऱ्याला तिथी विचारल्याशिवाय गत्यंतर नाही.

पावसाळा तर वर्षाच्या सरासरीला जुमानतच नाही. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मांडवीवर काम करताना नेमकं यावर बोट ठेवलं. अशा मोसमी खाड्या कधी स्थिरावतच नाहीत. चार महिने गोडं पाणी समुद्राला बाहेर ढकलतं, उरलेले आठ महिने समुद्र हळूहळू आत सरकत राहतो. कोकणात ‘सरासरी दिवस’ नावाचा दिवस उगवत नाही, आणि तो धरून केलेलं मॉडेल माझ्या मते कोऱ्या कागदापेक्षाही वाईट. कोरा कागद निदान फसवत तरी नाही.

पिंपरी पेंढारच्या कार्बनला मात्र भरतीच्या आधी धरणं गाठायची आहेत. उजनीत पाणी थांबतं, शेवाळ माजतं, मरतं, तळाला बसतं. तिथल्या गाळात काही कार्बन कायमचा मुक्काम ठोकतो. पुढे श्रीशैलम, नागार्जुनसागर, प्रकाशम बंधारा. 2001 ते 2004 या टंचाईच्या काळात कृष्णेचं समुद्राला मिळणारं पाणी जवळपास शून्यावर आलं होतं. खाडीच्या वहीत त्या वर्षांत डोंगराकडची जमा किती धरायची, सांगा!

पोचलेल्या कार्बनचं पुढे काय होतं? इथं खाडी दोन्हीकडून बोलते. वरून आलेला पालापाचोळा आणि सांडपाणी पाण्यात कुजतं, म्हणून पुष्कळ खाड्यांचं पाणी हवेत कार्बन डायऑक्साइड सोडतं. काठावरची तिवरं आणि चिपी नेमकं उलट करतात: हवेतला कार्बन ओढून चिखलात पुरतात. या पुरलेल्या मालाला 2009 पासून ‘निळा कार्बन’ म्हणायची पद्धत पडली. पांढरी चिपी 2020 मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष झाली. ठाणे खाडी 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि 2022 मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. रोहित पक्षी तिथं चोच उलटी करून चरतात, तेही एका अर्थी खाडीतला कार्बनच.

कांदळवनात शिरलं की कुजक्या अंड्याचा वास नाकात भरतो. नाक मुरडू नका. त्या काळ्या चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर भागवतात आणि वासाचा हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सल्फेट भरपूर असलं की मिथेन करणाऱ्या जिवाणूंच्या वाट्याला फारसं काही उरत नाही. गोड्या पाण्याच्या दलदलीतून मिथेन जास्त निघतो आणि खाऱ्या चिखलातून कमी, तो यामुळे. त्यातही खेकडे बिळं पाडून हवा आत सोडतात, पानं ओढून खाली नेतात आणि कागदावर बसवलेला हिशेब पुन्हा उकरून ठेवतात.