परदेशात पीएचडी करायची आहे? आधी विचारा, पैसे कोण देणार

मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडलात की शांतीनगरपर्यंत 'स्टडी अब्रॉड'च्या पाट्या दिसत राहतात. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी सल्ला फुकट मिळतो. फुकट का, हे आधी समजून घ्या. बहुतेक कन्सल्टंटना तुमची अॅडमिशन झाली की परदेशातलं विद्यापीठ कमिशन देतं, आणि ते कमिशन असतं फी भरून करायच्या कोर्सवर, म्हणजे मुख्यतः मास्टर्सवर. पीएचडीत विद्यापीठच तुम्हाला पैसे देत असेल तर कमिशन येणार कुठून? म्हणून एमएस्सी झालेल्या मुलालाही 'आधी तिकडे एक वर्षाची मास्टर्स कर, मग बघू' असं सांगितलं जातं. घरचे फ्लॅट तारण ठेवून कर्ज काढतात आणि मुलाच्या हातात येते दुसरी मास्टर्स. पीएचडी होती तिथेच राहते.

दुसरी मास्टर्स नेहमीच वाया जाते असं मी म्हणत नाही. विषय बदलायचा असेल तर ती उपयोगी पडते. पण विज्ञानात पीएचडीसाठी जायचं असेल तर सहसा स्वतःचे पैसे घालून जायचं नसतं. त्यामुळे देश निवडण्याआधी दोन प्रश्न विचारा: माझा खर्च कोण करणार, आणि तिथे मी विद्यार्थी असणार की नोकरदार?

दुसरा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारतच नाही, कारण आपल्या डोक्यात पीएचडी म्हणजे अॅडमिशन. जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडनमध्ये विज्ञानातली पीएचडी बऱ्याचदा चक्क नोकरी असते. जाहिरात येते, सीव्ही पाठवायचा, मुलाखत होते, करार होतो. जर्मनीत सरकारी वेतनश्रेणीतल्या ई-१३ वर नेमणूक होते, पण पूर्ण पगारावर क्वचित. ५० टक्के, ६५ टक्के, ७५ टक्के असं जाहिरातीतच लिहिलेलं असतं. ५० टक्के म्हणजे अर्धा दिवस काम असा अर्थ घेऊ नका, लॅबमध्ये पूर्ण दिवसच जातो. या फरकाचा परिणाम थेट घरच्या खिशावर होतो. जर्मनीत विद्यार्थी म्हणून जाणाऱ्याला ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात, शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून जर्मन विद्यार्थी व्हिसासाठी भारतीयांना एपीएस प्रमाणपत्र लागतं. पगाराचा करार हातात असेल तर तो करारच उत्पन्नाचा पुरावा ठरतो. आपली तीन अधिक दोन वर्षांची बीएस्सी-एमएस्सी तिथे पीएचडीसाठी साधारणपणे चालते, कारण त्यांची मुख्य अट मास्टर्सची असते.

या जाहिराती शोधायच्या कुठे? युरोपसाठी युरॅक्सेस नावाचं सरकारी पोर्टल आहे, फुकट आहे, रोज बघा. त्यात 'मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी डॉक्टोरल नेटवर्क' असे शब्द दिसले की थांबा. युरोपियन युनियनच्या पैशावर चालणाऱ्या या जागा आहेत, बहुतेक ३६ महिन्यांचा करार असतो. राष्ट्रीयत्वाची अट नसते, पण एक मजेशीर अट असते: नेमणुकीआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले किंवा काम केलेले नसावं. आता विचार करा. जर्मनीत दोन वर्षं मास्टर्स केलेला मुलगा जर्मनीतल्याच अशा जागेला लगेच पात्र ठरत नाही, आणि भाईंदरला घरी बसून अर्ज करणारी मुलगी मात्र सगळ्या देशांसाठी मोकळी असते! कन्सल्टंटच्या ऑफिसात हे कधी ऐकलंय?

अमेरिकेची रीत वेगळी. तिथे अॅडमिशनच असते, पण चांगल्या विद्यापीठात विज्ञानातल्या पीएचडीला फी माफ होते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल स्टायपेंड मिळतो. पाचेक वर्षं धरून चाला. अर्ज बहुतेक डिसेंबरमध्ये बंद होतात आणि प्रत्येक अर्जाला फी असते. दहा ठिकाणी अर्ज म्हणजे लाखाच्या आसपास रुपये नुसते अर्जांचे, तेव्हा फी माफीची विनंती आधी पाठवा, अनेक विभाग ती देतात. ऑफर आली की 'आठ दिवसांत कळवा' म्हणून कुणी घाई केली तर बघून घ्या: तिथल्या बऱ्याच विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार आर्थिक मदतीच्या ऑफरला उत्तर द्यायला १५ एप्रिलपर्यंत मुदत असते. नंतर तिथेच नोकरीचा विचार असेल तर हेही माहीत असू द्या: सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरची फी लावली. असे नियम एका रात्रीत बदलतात, त्यामुळे पाच वर्षांनंतरच्या व्हिसाचं गणित आज पक्कं धरू नका.

ब्रिटनमध्ये स्टायपेंड मिळाला तरी निघण्याआधीचा खर्च लोकांना पकडतो. विद्यार्थ्यांसाठी आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड आहे आणि तो सगळ्या वर्षांचा एकदम भरावा लागतो. चार वर्षांचे ३,१०४ पौंड व्हिसाच्या अर्जाबरोबरच. काही विषयांत, उदाहरणार्थ मटेरियल्स किंवा अणुभौतिकी, भारतीयांना व्हिसाआधी एटास नावाची मंजुरी लागते. तिला काही आठवडे जातात.

आता शिष्यवृत्त्या. इथे मला थोडं मागे जावंसं वाटतं. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर: महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला दाखल झाले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये काम अर्धवट टाकून परत यावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, मित्राकडून कर्ज घेतलं आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. डी.एस्सी. पूर्ण झाली १९२३ मध्ये. परत येऊन काम पूर्ण करायची परवानगी विद्यापीठाने दिली होती म्हणून हे जमलं. आजही शिष्यवृत्तीचं पत्र वाचताना आकड्याच्या आधी मुदत बघा. शिष्यवृत्ती तीन वर्षांची आणि पीएचडीला लागतात चार, तर चौथ्या वर्षाचं काय, हे गाइडला मेलवर लेखी विचारा. विचारल्याबद्दल कुणी रागावत नाही.

शाहू महाराजांच्या नावाने महाराष्ट्र शासनाची परदेश शिष्यवृत्ती आहे. ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असून समाजकल्याण आयुक्तालयामार्फत मिळते. इतर प्रवर्गांसाठी वेगवेगळ्या खात्यांच्या योजना आहेत. यात विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, आणि उत्पन्नाची अट व जागा शासन निर्णयानुसार बदलतात, तेव्हा व्हॉट्सअॅपवर फिरणारी जुनी पीडीएफ न बघता चालू वर्षाची जाहिरातच वाचा. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून मुंबईत आहे, पण ती कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे, परत करायची असते.

बरेच जण विसरतात तो रस्ता म्हणजे इथेच नाव नोंदवून काही महिने बाहेर जाणं. घरी कुणी आजारी असेल, लग्न झालेलं असेल, किंवा इथला गाइड चांगला असेल तर मला हाच रस्ता सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. फुलब्राइट-नेहरू डॉक्टोरल फेलोशिप भारतात पीएचडीला नोंदणी असलेल्यांसाठीच आहे, ६ ते ९ महिन्यांची. अट एवढीच की त्या जे-१ व्हिसानंतर दोन वर्षं मायदेशी राहिल्याशिवाय अमेरिकेत एच-१बी किंवा ग्रीन कार्ड घेता येत नाही. कॉमनवेल्थची स्प्लिट-साइट शिष्यवृत्ती ब्रिटनमध्ये १२ महिन्यांपर्यंत पाठवते, रामन-शार्पाक फेलोशिप फ्रान्समध्ये. आणि पवईला आयआयटीच्या आवारात आयआयटीबी-मोनॅश रिसर्च अकॅडमी आहे. तिथे पदवी दोन्ही संस्थांची संयुक्त मिळते आणि काही काळ ऑस्ट्रेलियात काढता येतो.

प्रोफेसरला मेल लिहिताना 'रिस्पेक्टेड सर, आय अॅम हायली इंटरेस्टेड' हे सोडून द्या. असे मेल त्यांना ढिगाने येतात. त्यांचा एक अलीकडचा पेपर खरोखर वाचा, त्यातली एक आकृती किंवा एक पद्धत घ्या, तुम्ही एमएस्सी प्रोजेक्टमध्ये केलेल्या कशाशी ती जुळते ते तीन ओळींत लिहा आणि जागा आहे का ते सरळ विचारा. सीव्ही दोन पानांचा. दहा दिवसांनी एक आठवण करून द्या, मग पुढच्या नावाकडे वळा.

कागदपत्रांना मात्र आत्ताच लागा. मुंबई विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट कलिनाहून काढावी लागते. सांताक्रूझला उतरून एका फेरीत काम होईल असं धरू नका, अर्जाच्या तारखेआधी दोन-तीन महिने ठेवा. शिफारसपत्र देणाऱ्या सरांचा कॉलेजचा ईमेल चालू आहे का ते विचारून घ्या, काही पोर्टल जीमेल घेत नाहीत. आयईएल्टीएसचा स्कोअर दोनच वर्षं चालतो, म्हणून फार लवकरही देऊ नका. पासपोर्टवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव जुळवून बघा. मार्कशीटवर आडनाव आधी, मधे वडिलांचं नाव आणि वर आईचंही, हा आपल्याकडचा नेहमीचा गोंधळ आहे. पासपोर्टवर पत्ता जुना असेल तर तोही आधी बदलून घ्या, कारण त्यासाठी पुन्हा पोलीस व्हेरिफिकेशन होऊ शकतं, आणि भाडेकरार संपलेला असेल तर तिथे नक्की अडतं.