सलाईनची बाटली आणि ओआरएसची पुडी

जुलाब-वांत्यांनी हैराण झालेल्या मुलाला दवाखान्यातून परत आणणाऱ्या माणसाच्या तोंडी जी तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते, तिचा मासला ठरलेला आहे: "एवढे पैसे घेतले आणि हातावर नुसती पुडी ठेवली, साधे सलाईनसुद्धा लावले नाही!" या तक्रारीच्या बुडाशी असलेला समज असा, की शिरेतून चढविलेले पाणी हाच काय तो अतिसारावरील खरा उपचार असून, तोंडावाटे द्यावयाचे ओआरएस ही गोरगरिबांची, दवाखान्यापासून लांब राहणाऱ्यांची, वेळ मारून नेण्याची तजवीज आहे. हा समज अडाण्यांपुरता मर्यादित असता तर निदान समजण्यासारखे होते. परंतु चांगले पदवीधर नोकरदारही तो तितक्याच निष्ठेने बाळगून असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे आजही दरवर्षी पाच वर्षांखालील सुमारे साडेचार लाख मुले अतिसाराने दगावत असल्यामुळे, या समजाकडे कानाडोळा करणे परवडणारे नाही.

प्रथम त्या बाटलीत असते काय, ते पाहू. तालुक्याच्या गावी बाकावर आडव्या केलेल्या रुग्णाच्या उशाशी, खिडकीच्या गजाला टांगलेली जी अर्ध्या लिटरची बाटली आपण मोठ्या श्रद्धेने न्याहाळतो, तीत साडेचार ग्रॅम मीठ असते आणि बाकीचे पाणी; साखर नाही, पोटॅशियम नाही, 'ताकद' तर मुळीच नाही. साखरेची म्हणून जी दुसरी बाटली मिळते, तीत पंचवीस ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे फार तर एका पोळीइतकी शक्ती. उलट, एक लिटर पाण्यात कालवावयाच्या ओआरएसच्या पुडीत २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट, असा हिशेबाने जुळविलेला ऐवज असतो. जुलाबावाटे शरीरातून जे जे जाते, ते ते बहुतांशी त्यात असते. असे असता लोक पुडीला 'नुसती' म्हणतात आणि बाटलीला हात जोडतात!

याचा अर्थ सलाईन निरुपयोगी आहे, असा मात्र कोणी काढू नये. मूल ग्लानीत गेले आहे, डोळे खोल गेले आहेत, पिण्याची शुद्ध नाही, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली असता पूर्ववत व्हावयास दोन सेकंदांहून अधिक वेळ लागतो, अशी लक्षणे दिसत असतील, तर शिरेतून द्रव देण्यास एका क्षणाचाही विलंब लावता कामा नये. अशा वेळी पुडी घोळत बसणे हाही अपराधच. तथापि अशी मुले थोडी. ज्यांना पिता येते त्या बाकीच्यांच्या बाबतीत, अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र पारखणाऱ्या कॉक्रेनच्या समीक्षेने २००६ साली असा निर्वाळा दिला, की दोन्ही उपचारांत महत्त्वाचा म्हणावा असा फरक नाही. तोंडावाटे उपचार केलेल्या पंचवीस मुलांमागे साधारण एकालाच पुढे सलाईन लावावे लागते. उरलेल्या चोवीस जणांच्या हातात सुई खुपसण्याचे कारण काय, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

ओआरएसची खरी कसोटी लागली ती कोणा सुसज्ज प्रयोगशाळेत नव्हे. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून पश्चिम बंगालमध्ये निर्वासितांचे लोंढे लोटले असता, सरहद्दीवरील बनगाव येथे पटकीने थैमान घातले. तेथल्या लहानशा रुग्णालयाच्या फरशीवर, मळ आणि वांतीच्या थारोळ्यात रुग्ण दाटीवाटीने पडलेले, आणि शिरेतून द्यावयाच्या द्रवाचा साठा संपत आलेला, अशा अवस्थेत डॉ. दिलीप महलनबीस यांनी द्रव तोंडावाटेच पाजण्याचा धाडसी निर्णय घेतला. कोलकात्यातील जॉन्स हॉपकिन्स केंद्राच्या ग्रंथालयाच्या खोलीत लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणात पुड्या बांधण्यात आल्या. प्लॅस्टिकच्या त्या पिशव्यांची तोंडे तापलेल्या इस्त्रीने चिकटवीत. तोटी लावलेल्या पिंपांतून ते पाणी काढून रुग्णांना पाजण्याचे काम त्यांच्याच नातलगांवर सोपविले, आणि खर्च आला लिटरला अकरा पैसे. एरवी अशा छावण्यांतून शेकडा वीस ते तीस रुग्ण दगावत. येथे तीन हजारांवर रुग्णांत ते प्रमाण ३.६ वर आले. महलनबीसांना पद्मविभूषण मिळाले ते २०२३ साली, त्यांच्या निधनानंतर. आपल्याकडे अशा माणसांची कदर करण्याचा शिरस्ताच तसा आहे, त्यावर काय बोलावे!

हे साधते कसे, तेही सांगितले पाहिजे, कारण 'प्यायलेले सगळे जुलाबावाटे निघूनच जाणार' ही शंका बहुतेकांच्या मनात असते, आणि साध्या पाण्यापुरती ती अगदीच चूक नाही. आतड्याच्या अस्तरात एक असे दार आहे, की जे सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आले तरच उघडते. ही जोडी आत गेली की पाणी तिच्यामागोमाग ओढले जाते. पटकीसारख्या भयंकर रोगातही हे दार शाबूत राहते, यातच सारे मर्म आहे. मात्र साखर प्रमाणाबाहेर झाली तर उलटा प्रकार होऊन पाणी शरीरातून आतड्यात ओढले जाते. म्हणूनच 'चवीला बरे' म्हणून पुडीच्या पाण्यात आणखी साखर घालणे, किंवा त्याऐवजी शीतपेय अथवा डब्यातील गोड रस पाजणे, यासारखा घातक लाड नाही.

मग पुष्कळ डॉक्टर पुडी का देत नाहीत, असा प्रश्न उरतो. त्याचे 'सलाईनमध्ये पैसा असतो' हे चावडीवरचे उत्तर मीही पुष्कळ दिवस ग्राह्य धरीत असे. परंतु कर्नाटक व बिहारमधील २५३ मध्यम शहरांत, दोन हजारांवर खाजगी वैद्यक-व्यावसायिकांकडे आजारी मुलाचे पालक बनून माणसे पाठवून केलेली एक पाहणी २०२४ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली, आणि तिचा निष्कर्ष कोणाचीच बाजू राखणारा नाही. ओआरएस न देण्यामागे पैशाचा लोभ सुमारे पाच टक्के, दुकानात माल नसणे सुमारे सहा टक्के. आणि 'रुग्णालाच हे नको असते' हा डॉक्टरांचा ग्रह तब्बल बेचाळीस टक्के! म्हणजे रुग्ण समजतो की डॉक्टर सलाईनला खरे औषध मानतात, डॉक्टर समजतात की रुग्णाला पुडीचा तिटकारा आहे, आणि या परस्परांच्या भिडेत मूल सुकत जाते. त्याच पाहणीत, पालकाने आपण होऊन ओआरएसची इच्छा दर्शविली की ते मिळण्याचे प्रमाण शेकड्यामागे सत्तावीसने वाढले. तेव्हा मागावयास लाजू नये, इतकेच सांगणे आहे.

आता किरकोळ समजांचा निकाल लावू. 'ओआरएसने जुलाब थांबले नाहीत, म्हणजे ते लागू पडले नाही': ते जुलाब थांबविण्यासाठी नसतेच, शरीर सुकू नये यासाठी असते. 'ओकतेय, त्याला काय पाजणार': दहा मिनिटे थांबून पुन्हा चमचा-चमचा, दोन-तीन मिनिटांच्या अंतराने पाजावे. 'पोटाला विश्रांती म्हणून अंगावरचे दूध आणि जेवण बंद': बंद करू नये, आजारात उपाशी ठेवलेले मूल पुढच्या आजारालाही लवकर बळी पडते. 'दात येताना जुलाब व्हायचेच': दातांचा त्यात काही कसूर नाही, त्या वयात जमिनीवरचे सारे तोंडात जाते. 'जुलाब म्हटले की अँटिबायोटिक': रक्त पडत असेल किंवा पटकीचा संशय असेल तर डॉक्टर ठरवतील, एरवी नको. 'थोडी पुडी पेल्यात, उरलेली उद्या': पुडी एक लिटरची असेल तर सगळी एकदम एक लिटर पाण्यातच, आणि चोवीस तासांनी उरलेले ओतून द्यावे.

'अशिक्षित आईला हे प्रमाण जमणार नाही' असे म्हणणाऱ्यांसाठी शेजारच्या बांगलादेशाचा दाखला पुरेसा आहे. १९८० ते १९९० या दशकात ब्रॅक संस्थेच्या कार्यकर्त्या स्त्रियांनी एक कोटीहून अधिक घरांत जाऊन, तीन बोटांची चिमूट मीठ आणि मूठभर गूळ अर्धा शेर पाण्यात कसा कालवावा, हे आयांना प्रत्यक्ष करवून शिकविले. आणि कार्यकर्तीचा मेहनताना ठरे तो नंतर तपासणीस आलेल्या माणसाला त्या आईने किती बिनचूक करून दाखविले, यावर.

राहता राहिला ओआरएसच्या जोडीने द्यावयाच्या जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या, गोळीचा विषय. ही गोळी रोज २० मिलिग्रॅम, सहा महिन्यांखालील बाळाला निम्मी, अशी चौदा दिवस द्यावयाची असते; बहुतेक घरी शौच घट्ट होताच तिसऱ्या दिवशी ती बंद होते आणि उरलेले पाकीट कपाटात पडून राहते. पुढील दोन-तीन महिन्यांत अतिसार पुन्हा उद्भवण्याचा धोका कमी होतो तो पूर्ण चौदा दिवस दिल्याने. सरकारी आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे ही गोळी पुडीबरोबर फुकट मिळते.