काचपट्टीवरचं हृदय

केपटाउनच्या ग्रूट स्कूर रुग्णालयात ३ डिसेंबर १९६७ रोजी ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाचं हृदय बदललं, आणि जगभरच्या सर्जनांना घाई सुटली. फेब्रुवारी १९६८मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदय-प्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. त्या वर्षात जगात शंभरावर प्रत्यारोपणं झाली. बहुतेक रुग्णांनी वर्षही काढलं नाही, आणि बऱ्याच केंद्रांनी हा नाद सोडला. टाके घालणं जमलं होतं. शरीर परकं हृदय नाकारू लागलंय, हे वेळेत ओळखणं जमत नव्हतं.

मूत्रपिंड नाकारलं जाऊ लागलं तर रक्तातलं क्रिएटिनीन वाढतं. हृदयाला तशी सोय नाही. ईसीजीच्या लाटा बुटक्या होताहेत का, एवढंच पाहता येई. धाप लागेपर्यंत स्नायू बराच खराब झालेला असे. अंदाजानं औषधं वाढवावीत, तर प्रतिकारशक्ती खचून जंतुसंसर्ग व्हायचा. बर्नार्ड यांचे रुग्ण लुई वॉशकान्स्की अठरा दिवसांनी न्यूमोनियानं गेले.

वाट काढली स्टॅनफर्डमध्ये, नॉर्मन शमवे यांच्या चमूनं. फिलिप केव्हज या तरुण सर्जननं जपानी बनावटीच्या एका चिमट्यात सुधारणा केली. मानेतल्या शिरेतून तो उजव्या जवनिकेत न्यायचा आणि मधल्या पडद्याचे एक-दोन मिलिमीटरचे तुकडे खुडून आणायचे. भूल फक्त मानेपुरती. ते तुकडे वाचायचे कसे, हे ठरवलं मार्गारेट बिलिंगहॅम या पॅथॉलॉजिस्टनं. बर्नार्ड यांचं नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं, बिलिंगहॅमबाईंचं डॉक्टरांनाही क्वचितच. मला हा हिशेब उलटा वाटतो.

रंगवलेल्या काचपट्टीवर हृदयाच्या स्नायुपेशी गुलाबी दिसतात. त्यांच्यामध्ये गडद जांभळे बारीक ठिपके दिसले, तर त्या लिम्फोसाइट, म्हणजे शरीराच्या फौजेतल्या पेशी. त्या नुसत्या रक्तवाहिनीभोवती जमल्या असतील तर सहसा औषध वाढवत नाहीत. खरा प्रश्न असतो स्नायुपेशीच्या कडेचा. कड कुरतडल्यासारखी झाली, पेशी आक्रसली किंवा तुटली, आणि असं दोन किंवा अधिक ठिकाणी दिसलं, तर आजच्या आंतरराष्ट्रीय श्रेणीत ते '२आर' ठरतं आणि उपचार सुरू होतात.

यात चकवेही बरेच. चिमटा पुन्हापुन्हा त्याच भागात जातो, त्यामुळे मागच्या बायोप्सीची भरत आलेली जखमच कधी तुकड्यात येते आणि नाकारण्यासारखी भासते. उलट, नुकसान ठिपक्याठिपक्यानं होत असल्यानं ते चिमट्यातून निसटूही शकतं. म्हणून किमान तीन तुकडे घेतात. एवढं करूनही एकाच काचपट्टीवर दोन तज्ज्ञांचं मत वेगळं पडतं. बॉस्टनच्या संशोधकांनी २०२२मध्ये काचपट्ट्या वाचणारी 'क्रेन' नावाची संगणकप्रणाली मांडली, ती याच मतभेदांवर उपाय म्हणून.

आता रक्ताची चाचणीही आली आहे. दात्याच्या हृदयातल्या पेशी मेल्या की त्यांचा डीएनए रुग्णाच्या रक्तात उतरतो, तो मोजता येतो. ठीक चाललेल्या रुग्णाच्या काही बायोप्सी त्यामुळे टळतात. पण पेशी लिम्फोसाइटनी मारल्या की प्रतिपिंडांनी, हे रक्त सांगत नाही. पहिल्यावर मुख्यतः स्टेरॉइड चालतात, दुसऱ्यात अनेकदा प्लाझ्मा बदलावा लागतो. त्यामुळे डीएनएचा आकडा चढला की रुग्णाला पुन्हा बायोप्सीच्या टेबलावर घेतात.